कालची साथ

ते जुनं बोसा नोव्हा, म्हणजे ब्राझिली धाटणीचं गाणं गिटारवर रेकॉर्ड करताना मी नेहमी एकाच जागी माती खायचो. साथीचे कॉर्ड मीच काल रेकॉर्ड करून ठेवले होते. आज हेडफोन लावून त्यांवर धून वाजवत होतो. ती जागा आली, बोट घसरलं, मला उशीर झाला.

साथ थांबली. तिने मला बरोबर घेतलं आणि मगच पुढे निघाली. शेवटाला आम्ही एकदमच पोचलो.

"ताई, जमलं बघ," मी हाक मारली.

माझ्या वाजवण्याला ताई सहसा नाक मुरडते. आज तिने रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकलं. "मधे थांबलास ना, तिथेच जीव आहे."

मी नुसती कालची साथ लावली. ती कुठेच थांबत नव्हती.

मग स्पीकर चालू करून पुन्हा वाजवायला घेतलं आणि त्या जागी मुद्दाम हात उचलला. साथही थांबली. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची, रेकॉर्डिंग कुठवर आलं ते दाखवणारी रेघ मात्र सरकतच होती. ताईने माझा दंड घट्ट धरला. मला हसू आवरत नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं.

तेवढ्यात स्पीकरमधून पायाचा ठेका ऐकू आला. आधी हळू, मग जरा चिडून.