पाचवा प्रश्न, गेट क्रमांक दोन

तपासणीच्या पट्ट्यावरून टोपली आत गेली आणि यंत्र ओरडलं. टोपलीत अळंबी कापायचा चाकू होता.

"विमानात अळंबी उगवतात होय, साहेब?" तपासणीवाल्याने विचारलं.

"ठेवून घ्या तो चाकू. मला घाई आहे," लुबोर म्हणाला.

"विमानाला वेळ आहे अजून."

"विमानात बसायचंय कुणाला?"

हे वाक्य त्या जागी बोलण्यासारखं नव्हतं. मग त्याचे बूटही काढून पाहिले, कमरेचा पट्टाही.

लुबोर घरातून अळंबी आणायला म्हणून निघाला होता. "सूपापुरती तरी आण," असं यार्मिलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, दारातून सांगितलं होतं. खरं कारण त्याच्या फोनमध्ये होतं. खजिना शोधायच्या त्याच्या लाडक्या खेळात सकाळीच नवी शोधयात्रा जाहीर झाली होती. विमानतळावरच्या पाच कलाकृती शोधायच्या, प्रत्येकीसमोर उभं राहून एका प्रश्नाचं उत्तर फोनमध्ये भरायचं. पाचही उत्तरं सर्वांत आधी देणारा पहिला. बाकीचे कितीही असले तरी ते बाकीचे.

शेवटच्या दोन कलाकृती तपासणीच्या पलीकडे होत्या आणि तिकिटाशिवाय पलीकडे सोडत नाहीत. त्या दिवशी तिथून एकच विमान सुटणार होतं, बुर्गासचं. लुबोरने बुर्गासचं तिकीट काढलं. बुर्गासला जाण्याचा त्याचा मुळीच विचार नव्हता. यार्मिला गेली काही वर्षं तिथल्याच समुद्रासाठी मागे लागली होती, पण दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे काहीतरी नवं जाहीर व्हायचं. यंदा तिने विषयच काढला नव्हता. अखेर तिला समज आली, असा लुबोरने त्याचा अर्थ लावला होता.

पहिल्या नंबरासाठी विमानाचं तिकीट काढेल असा माणूस गावात आणखी एकच होता. दातांचे डॉक्टर कुबाट. विधुर, काडीसारखे बारीक आणि शर्यतीत हरलं तरी हसून हात मिळवणारे. लुबोरला त्यांचा हा शेवटचा गुण सहन होत नसे.

तपासणीआधी, लुबोर विमानतळावर आला तेव्हाच कुबाट पोचलेले होते. बाहेरच्या दालनात, चकचकीत फरशांच्या जुन्या भित्तिचित्राखाली ते मान वर करून उभे होते. चित्रात एक पुरुष, एक बाई आणि एक ट्रॅक्टर. प्रश्न होता : हा पुरुष कुणाकडे बघतो आहे?

"मी 'बाईकडे' लिहिलं, तर चूक म्हणतंय," कुबाट कष्टी होऊन म्हणाले. "मग 'भविष्याकडे' लिहिलं. तेही चूक."

लुबोरने फोन हाताने झाकून 'ट्रॅक्टरकडे' लिहिलं आणि तो पुढे सटकला.

तरी त्याला ही शोधयात्रा आवडली नव्हती. रचणारा कुणीतरी नवखा होता. नाव घेतलं होतं 'खारं पाणी'. असले प्रश्न कुणी विचारतं का? सन विचारावा. खिडक्या मोजायला लावाव्यात. तपासणीपलीकडच्या दालनात बिअरला लागणाऱ्या हॉप्सच्या मळ्याचं चित्र विणलेला पडदा होता. तिथला प्रश्न तर आणखीच विचित्र : काम टाकून उभी राहिलेली बाई कुठे आहे? पडद्याखालच्या बाकावर एक कुटुंब पावात घातलेलं तळलेलं मांस खात बसलं होतं. त्यांना उठवल्यावर ती बाई सापडली. अगदी कडेला.

पाचवी कलाकृती कांस्याची होती. पायाशी बॅग ठेवून उभी असलेली स्त्री. प्रश्न : ही बघते आहे तिकडे जा. गेटपाशी कोण उभं आहे?

ती गेट क्रमांक दोनकडे बघत होती. लुबोर धावला. गेटपाशी नवी गवती हॅट घातलेली एक बाई नेमकी मध्येच उभी होती.

"जरा बाजूला होता का?" तिच्या खांद्यावरून पलीकडे डोकावत तो म्हणाला.

"कशाला?"

आवाज ओळखीचा होता. हॅटखाली यार्मिला होती.

"तू इथे काय करतेस?"

"उभी आहे."

"आत कशी आलीस?"

"तिकीट काढून. अळंबी मिळाली का?"

लुबोरने टोपली पाठीमागे धरली. मागून बुटांचा आवाज येत होता. "ते नंतर बघू. आधी सरक. कुबाट येतायत. इथे कोणीतरी उभं असायला हवं. पुतळा, चित्र, काहीतरी..."

"मी उभी आहे ना."

लुबोरने तिच्याकडे पाहिलं. प्रश्नच तसा असल्यामुळे नीट पाहिलं. मग फोनमध्ये तिचं नाव लिहिलं. हिरवी खूण उमटली. तो पहिला होता.

"म्हणजे 'खारं पाणी'..."

"मीच."

"पण तुला तर यातलं काही कळत नाही!"

"इतकी वर्षं जेवताना दुसरं काय ऐकलंय मी?" यार्मिला म्हणाली. "चल, रांग हलली. तिकीट तुझ्याकडे आहेच."

एवढ्यात कुबाट धापा टाकत आले. त्यांनी लुबोरचा फोन पाहिला, टोपी काढली आणि हसून हात पुढे केला. लुबोरने तो घाईघाईने हलवला.

"अगं, पण माझे कपडे?"

यार्मिलाने पायाशी ठेवलेल्या बॅगेची चेन उघडली. आत टॉवेल, डबा आणि वरच पोहण्याच्या दोन पुरुषी चड्ड्या. एक लुबोरची, कपाटातली. दुसरी कोरी होती. किमतीचं लेबलही निघालेलं नव्हतं. तिची कंबर लुबोरच्या एका मांडीलाही पुरली नसती.

"आणि ही कुणाची?"

यार्मिलाने शांतपणे चेन लावली.

"पहिलं कोण पोचेल, हे मला काय ठाऊक?"