मिशीसकट

एकावन्न साली सरहद्दीवर फौजा समोरासमोर उभ्या ठाकल्या आणि जवानांच्या सुट्ट्या बंद झाल्या. तरी आंजी गावच्या धुरपताबाईचा नत्थू पलटणीतून अवचित घरी आला. बाप लहानपणीच वारलेला, घरात मायलेक दोघंच. धुरपतानं त्याला हौसेनं पानगे करून घातले आणि "साहेबाचा लय जीव हाये नत्थूवर" असं गावभर सांगत सुटली.

परत निघायच्या दिवशी नत्थूनं गावच्या न्हाव्याला, तानबा म्हालीला बोलावलं, अंगणात बसून डोकं पुढं केलं आणि म्हणाला, "सफाचट कर."

निम्म्या डोक्यावरून वस्तरा फिरला तशी धुरपता आतून धावत आली. "काऊन रे, कोण मेलं तुयं?"

नत्थूनं मान वर केली नाही. "लढाई तोंडावर हाये, माय. माय-बाप मेल्याबिगर साहेब कोणालेच सोडत नाई. अन् मले तं तुले एकडाव पाहाचं होतं."

धुरपता ओट्यावर बसली. पदरानं डोळे पुसले. तानबानं डोकं पुरं केलं आणि वस्तरा पुसायला घेतला.



"तानबा, मिशी काऊन ठेवून राह्यला?" ती म्हणाली. "माय मेली ना त्याची."