निम्मा मीटर

बाबा गेल्यावर त्यांची जुनी स्पोर्ट्स कार विकायला काढली, तर गिऱ्हाईक म्हणालं, किलोमीटरचा मीटर चुकतोय. म्हणून गाडी बाबांच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली.

मेकॅनिक हसला. "निम्मेच किलोमीटर दाखवतो हा. काकांना कितीदा म्हटलं, चुटकीसरशी नीट करून देतो. तर म्हणायचे, 'खबरदार हात लावलास तर! लेक दर रविवारी येऊन आधी मीटर बघते. जास्त फिरलो असं दिसलं, तर चावीच घेऊन जाईल.'"

मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले.

"गाडीतच जीव रमायचा हो त्यांचा," तो हात पुसत म्हणाला. "तुम्ही त्यांच्या कोण?"


"भाची," मी म्हणाले.