सुरयांचा पत्ता

बेटावरच्या रिसॉर्टसाठी आणलेली मासळी होडीतून उतरवण्याआधी भामाकाकीने जुन्या सवयीने टोपली चाचपली. पक्ष्यांची अंडी खाणारा उंदीर चुकून बेटावर जाऊ नये म्हणून सासरेही असंच करायचे.

"काकी, उंदरांना कशाला भिता? मी मांजरं आणलीत ना!" रिसॉर्टवाला हसला.

"दिसतंय. उंदीर आहेत तिथेच, सुरय पक्ष्यांची पिल्लं मात्र मांजरांनी संपवली. शहाणाच तू!"

"उरलेले पक्षी गेले कुठे? सांगा, तिथेही रिसॉर्ट काढू."

सडक्या बांगड्याकडे बघावं तसं काकीने त्याच्याकडे बघितलं. "मांजरांच्या पोटात शोध."

परतताना पुतण्याने होडी पल्याडच्या खडकाकडे वळवली. वाचलेल्या सुरयांची घरटी तिथे होती. ती बघायला काकी वर्षभर थांबली होती.

तिने मागे पाहिलं. रिसॉर्टवाला दुर्बीण लावून उभा होता.

"वळव घराकडे," ती म्हणाली.