गजराबाईचं बुजगावणं

गजराबाई माहेराहून परत आली ती नवऱ्यासाठी नव्हे, हिरव्या साडीसाठी. पेटीतली ती साडी नवऱ्याने बुजगावण्यासाठी पळवली, म्हणून तर ती तणतणत निघून गेली होती.

नवऱ्याला बुजगावण्यांचं भारी वेड. मडक्यांवर तो गावातल्याच माणसांची रागीट तोंडं हुबेहूब रंगवायचा. सरपंच, पोस्टमन, खुद्द त्याच्या सासूबाई, सगळे ज्वारीत हात पसरून उभे. सरपंचांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, पण पाखरं सरपंचांकडे फिरकत नव्हती.

गजराबाई तरातरा रानात शिरली आणि थबकलीच. हिरव्या साडीतल्या बुजगावण्याला तिचाच चेहरा होता, अगदी नाकातल्या चमकीसकट. आणि त्याच्या डोक्याखांद्यांवर चिमण्या निवांत पंख साफ करत बसल्या होत्या.

"माझ्या आईला भितात, आन् मला न्हाई व्हय?" ती कडाडली.

"काय करू?" नवरा रडवेला झाला. "किती मडकी फोडली! समद्यांचा राग जमला, तुझाच जमंना. रंगवाया बसलो की तू हसतीसच."

"मी हसते? थांबा, दावतेच राग!"

तिने पदर खोचला, डोळे वटारले आणि अशी आरोळी ठोकली की सगळ्या चिमण्या भुर्रकन उडाल्या.

"हां! आता हलू नगंस!" नवरा कुंचला घेऊन धावला.

ती हलली नाही. तो दातांत जीभ धरून, तिच्याकडे टक लावून रंगवत राहिला.

थोड्या वेळाने एक चिमणी परतली. मडक्यावर नाही, थेट गजराबाईच्या खांद्यावर बसली.