बोलला तर मोजायचा नाही

"बोलला तर मोजायचा नाही," पक्षीगणना घेणाऱ्या ग्रेचेनबाईंनी तिसऱ्यांदा बजावलं. "माणसासारखा एक शब्द जरी बोलला, तर तो कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला. आपल्याला रानटी मोजायचेत. इथेच अंड्यातून निघालेले."

"म्हणजे पणजोबा मेक्सिकोचे असले तरी चालेल," एफ्राइन म्हणाला. "कागदपत्रं मागायची का?"

चौदा जणांत कुणी हसलं नाही. सगळे डोनटच्या दुकानासमोर लायब्ररीच्या पेन्सिली घेऊन माना वर करून उभे होते. नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या या टेम्पल सिटीत पाचालाच अंधारून येतं, आणि मूळ मेक्सिकोचे, लाल टाळूचे शेकडो पोपट दिवसभर गावभर हुंदडून या रस्त्यावरच्या झाडांत मुक्कामाला उतरतात.

एफ्राइन मात्र एकाच पोपटाच्या धास्तीने आला होता. तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभा राहत होता.

"लागली असेल तर दुकानात जाऊन ये," त्याच्या सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात कागदी रुमालात पेरूच्या फोडी होत्या. जनरलला पेरू आवडायचा.

जनरल हा सासऱ्यांचा पोपट. सासरे तीन वर्षांपूर्वी गेले, पण त्यांचा आवाज स्वयंपाकघरात मुक्कामाला राहिला. रोज पहाटे पाचला हुकूम सुटायचा, "अंपारो, कॉफी!" आणि सासूबाई उठून कॉफी करायच्या. कप टेबलावर ठेवायच्या, गार झाला की ओतून द्यायच्या. एफ्राइनची बायको मारिबेल अंथरुणात पडून बापाचा आवाज ऐकायची, थोडं रडायची, मग तिला बरं वाटायचं. एफ्राइन दुसऱ्या पाळीला, मध्यरात्रीपर्यंत बस चालवायचा. त्याला बरं वाटायचं नाही. जनरल चोवीस वर्षांचा होता आणि ही जात साठ वर्षं जगते, हे त्याने वाचून ठेवलं होतं.

ऑगस्टात त्याने आठ दिवस सकाळी पिंजऱ्याचं दार आणि खिडकी उघडी टाकली. "जा, राजा. कुणी बघत नाहीये," असं गोडीत सांगितलंही. जनरल पंख खाजवत बसला. आठव्या दिवशी एफ्राइन कामावरून परतला तेव्हा पिंजरा रिकामा होता.

"ज्यानं ही खिडकी उघडी ठेवली ना, त्याचं तोंड मी जन्मात बघणार नाही," मारिबेल म्हणाली होती. हे तिने एफ्राइनच्याच खांद्यावर डोकं ठेवून सांगितलं.

तेव्हापासून त्याला एकच भीती. पोपट सापडला तर सापडू दे, पण तो काय बोलेल? 'कॉफी' एवढं शिकायला त्याला सहा महिने लागले, असं सासरे सांगायचे. आठ दिवसांत तो काय शिकणार? पण मेल्याचा भरवसा नव्हता.

"मारिबेल, तू पलीकडच्या कोपऱ्यावर जा," सासूबाई म्हणाल्या. "पिंजरा घेऊन जा. इकडे मी आणि हा बघतो."

मारिबेल रस्ता ओलांडते न ओलांडते तोच आभाळ किंचाळू लागलं. थव्यामागून थवे आले. ग्रेचेनबाई दहा-दहाचे गठ्ठे करत रेघा मारत सुटल्या. आणि एक पोपट थवा सोडून थेट सासूबाईंच्या डोक्यावरच्या तारेवर येऊन बसला. मान वाकडी करून खाली बघू लागला.

"अंपारो, कॉफी!"

सासूबाईंचा उजवा पाय उचलला गेला. मग तो त्यांनी होता तिथेच खाली ठेवला.

एफ्राइनने पलीकडे पाहिलं. मारिबेल पिंजरा उंच धरून भलत्याच झाडाकडे बघत होती. तिला हाक मारावी, सगळं सांगून टाकावं, असं ठरवून त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात जनरल पुन्हा बोलला.

"जा, राजा, जा. खिडकी उघडी आहे."

एफ्राइनचे कान तापले. पण हा आवाज त्याचा नव्हता. तो बाईचा होता, दबका, थोडा घोगरा. "तूही सूट, मीही सुटते. जा."

त्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्या तारेकडे बघत होत्या. सहा महिने, त्याच्या मनात आलं. निदान सहा महिने.

ग्रेचेनबाई धापा टाकत आल्या. "हा एकटा कुठून आला? काही बोलला का?"

सासूबाईंनी रुमाल उघडला आणि पेरूची फोड स्वतःच्या तोंडात टाकली.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "रानटी आहे. मोजा त्याला."