तीन नंबरचा मारेकरी

तीन नंबर पुन्हा मेला, तेव्हा दादाला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चेहरा मात्र त्याने सुतकी ठेवला.

कंपनीच्या सगळ्या फाइली पाच मशीनवर वाटून ठेवलेल्या. पाचही मशीन सारखी एकमेकांना विचारत, "आहेस का?" एखाद्याचं उत्तर वेळेत आलं नाही, की बाकीची चार त्याला मेलेलं धरत आणि त्याच्याकडच्या फाइलींच्या नव्या प्रती काढत बसत. मग अख्ख्या ऑफिसचं काम ठप्प.

हे सुरू झालं ते ऑफिसात नवी मुलगी आली त्या आठवड्यात. हा योगायोग नव्हे, असं दादाचं ठाम मत होतं.

नवी हुशार होती, वर हसरी. ती हसली की दादाच्या पोटात दुखे. विभागप्रमुखाच्या रिकाम्या खुर्चीवर त्याचा कधीपासून डोळा होता, आणि हल्ली काही अडलं की मॅडम हिलाच हाक मारत. दादाच्या टेबलावरचं कुंडीतलं झाडसुद्धा तिच्या खिडकीकडे झुकलं होतं. त्याने कुंडी फिरवून ठेवली. झाड पुन्हा वळलं.

पण दादा गाफील नव्हता. ती आली त्याच दिवशी त्याने तीन नंबरच्या तोंडाशी पाळत बसवली होती. आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक निरोपाची नक्कल निघत होती. पुरावा म्हणून.

शेवटी मॅडमनी दोघांना बोलावलं. तीन नंबरचा मारेकरी जो पकडेल, खुर्ची त्याची.

नवी म्हणाली, मशीन ठणठणीत आहे, वायरही बदलून पाहिली. कुणीतरी त्याच्याशी इतकं बोलतंय, की बिचाऱ्याला "आहे" म्हणायलाही फुरसत नाही. कोण, ते तिला सापडत नव्हतं.

"मला सापडलंय," दादा म्हणाला. "मी नाव घेणार नाही. माझ्या पाळतीची नोंदच सांगेल."

नोंद त्याने अजून उघडलीही नव्हती. नाव ठाऊक असताना कशाला उघडायची?

त्याने ती पडद्यावर लावली, सगळ्यात बडबड्याचं नाव सगळ्यात वर. नवीचं नाव सातवं निघालं. प्रिंटरच्याही खाली.

"दादा, एवढ्या नकला तुम्ही ठेवता कुठे?" नवीने हळूच विचारलं.

"त्याच पाच मशीनवर. तिथे जागा मुबलक आहे."

"म्हणजे नक्कल तीन नंबरमध्ये शिरते, तेव्हा तिचीही नक्कल निघते?"

"अर्थात. आणि त्या नकलेचीही. माझ्या पाळतीतून काही सुटत नाही."

मॅडमनी चष्मा लावला आणि पहिलं नाव मोठ्याने वाचलं. दादाचंच होतं, वडिलांच्या नावासकट.